भुवयांची नोंद

दुपारी दाराबाहेर एक खोकं येऊन पडलं, आणि ते आल्याची वर्दी दारावरच्या घंटीआधी त्याच्या वासानं दिली. आतल्या खोलीत नवऱ्याची कसलीशी मीटिंग चालू होती. तो हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आला आणि म्हणाला, "अगं, गॅस लीक आहे का बघ ना यार, शेजारी कम्प्लेंट करतील." नवरा नागपूरचा. समुद्राशी त्याची ओळख उशिरा झाली आणि सुकवलेल्या मासळीशी तर झालीच नाही. मी मात्र दार उघडण्याआधीच ओळखलं होतं. मीठ, ऊन आणि वारा मिळून मासळीचं जे काही करतात ते जगभर सारखंच करतात. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात चैत्र-वैशाखात खळ्यावर बांगडे वाळत घातलेले असत, त्यांचाच हा सख्खा नातेवाईक. फक्त याच्या अंगाला लाकडाच्या धुराचा वास जादा. खोक्यात खाकी कागदात गुंडाळलेल्या गडद लाल पट्ट्या होत्या, चपलेचा अंगठा शिवायला चालतील इतक्या चिवट, आणि वर एक चिठ्ठी. "खा. वास दोन दिवसांनी जातो. कधीकधी तीन."

खाली सही नव्हती, तिची गरजही नव्हती. अलास्काच्या किनाऱ्यावर, जिथे वर्षातले कितीतरी महिने समुद्र गोठून जमिनीसारखा वागतो, तिथल्या एका लहानशा गावात ही बाई गावपंचायतीचं ऑफिस सांभाळते. तिला मी पडद्याबाहेर कधी पाहिलेलं नाही. पण तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात तिनं मला माझ्याच हातानं खणलेल्या खड्ड्यातून बाहेर काढलं. तेव्हापासून तिच्या घरून आलेला कुठलाही वास मला अत्तराच्या जागी चालतो. नवऱ्याला चालत नाही, म्हणून खोकं बाल्कनीत ठेवलं, आणि मग त्याच्याजवळच खुर्ची टाकून बसले.

तो खड्डा कसा खणला, हे सांगायचं तर आधी बाईंबद्दल सांगायला हवं. मिशिगनमधल्या आमच्या या विद्यापीठाच्या गावात मी आले ती नवऱ्याच्या व्हिसाला टाचलेली पुरवणी म्हणून. काही वर्षं घरात बसून हिमवर्षाव मोजला. पुढे नोकरी करायची मुभा मिळाली तेव्हा विद्यापीठात अर्धवेळ कामाची जाहिरात पाहिली. एका प्राध्यापक बाईंच्या जुन्या ध्वनिफिती ऐकून त्यातलं बोलणं संगणकात उतरवायचं, त्यांच्या वह्यांची सूची करायची. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुला कंटाळा सहन होतो का?" मी म्हटलं, हो, चांगला होतो. त्यांनी तेवढ्यावर घेतलं. बाई उंच, काटकुळ्या, बाराही महिने एकाच तपकिरी स्वेटरमध्ये. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नावानं हाक मारायला सांगितलं, आणि दहा वर्षांत मला ते एकदाही जमलं नाही. सत्तरीच्या बाईला नावानं हाक मारायला जीभ वळते कुणाची? मी "प्रोफेसर" म्हणत राहिले आणि मनातल्या मनात "बाई".

बाईंनी आयुष्यभर एकच काम केलं. त्या एका गावात दरवर्षी जाऊन राहायच्या आणि तिथली माणसं बर्फ कसा वाचतात, मासा कधी येतो हे कशावरून ओळखतात, कुणाच्या शिकारीतला वाटा कुणाच्या घरी जातो, हे विचारत बसायच्या. खातं तेच, खुर्ची तीच. या विषयाचं नाव मात्र दर काही वर्षांनी बदलत गेलं. कधी ते मानवी परिसरशास्त्र होतं, कधी पारंपरिक ज्ञान, पुढे देशज ज्ञानप्रणाली. नाव लांबत जाईल तशी परिषदेतली जेवणं सुधारत गेली, असं बाई म्हणायच्या. अलीकडे तर आमच्याकडे कुठलीही सभा सुरू होण्याआधी ही जमीन मुळात कुणाची होती याचं एक निवेदन वाचलं जातं. निवेदन खरं असतं, जमीनही खरी असते. पण ते वाचलं जातं आपल्याकडच्या शेवटच्या मंगलाष्टकासारखं, म्हणजे अक्षता मुठीत आणि लक्ष जेवणाच्या पंगतीकडे. बाई त्या वेळी खिडकीबाहेर बघत असत. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्या लोकांपैकी कुणाला यांनी सँडविच खायला बोलावलंय का, ते बघत होते."

त्या फितींनी माझी कितीतरी वर्षं भरून काढली. बाहेर बस बर्फात रुतलेली असायची आणि माझ्या कानात एक म्हातारा शिकारी सांगत असायचा, की काठी आपटल्यावर आवाज भरीव आला तर पुढे पाऊल टाकावं, पोकळ आला तर मागचं पाऊल आठवावं. लांबवर ढगाचं पोट काळपट दिसलं तर त्याखाली उघडं पाणी आहे. वारा जमिनीकडून वाहायला लागला की बर्फावर थांबायचं नाही, कितीही सील दिसोत. हे ऐकताना मला आमच्या किनाऱ्यावरचे लोक आठवत. पहाटेचा मतलई आणि दुपारचा खारा वारा त्यांना गालावर ओळखता यायचा, उधाणाची मोठी भरती कधी नि भांगाची लहान कधी हे तिथीवरून सांगता यायचं, आणि तरीही शाळेच्या तपासणीला आलेले साहेब त्यांना अडाणी म्हणून जायचे. त्यांच्या ज्ञानाला कुणी प्रणाली म्हटलं नाही. कदाचित म्हणूनच ते निवांत होते.

माझं काम सरळ होतं. संगणकावर एक तक्ता होता. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात इतर नोंदी. फीत ऐकायची आणि दोन रकाने भरायचे. मग त्याच दिवसाची बाईंची वही उघडून तिसरा भरायचा. लांबलचक प्रश्नांना लांबलचक उत्तरं येत. पण बाईंनी सरळ हो-नाहीचा प्रश्न विचारला, की बहुतेक वेळा फितीवर नुसती शांतता ऐकू यायची. स्टोव्हची घरघर, कुत्र्याचं भुंकणं, चमच्याची किणकिण, आणि मग बाईंचा पुढचा प्रश्न. मला वाटायचं, बिचाऱ्या बाई, इतक्या लांब जाऊन विचारतात आणि ही माणसं उत्तर द्यायची तसदी घेत नाहीत. अशा ठिकाणी मी दुसऱ्या रकान्यात इमानदारीनं लिहायचे, "उत्तर नाही."

वहीत मात्र त्या ओळींसमोर, समासात, बाईंची बारीकशी चित्रं असायची. दोन कमानी, शेजारी शेजारी. कधी त्याऐवजी दोन-तीन तिरक्या रेघा. आता तुम्ही माझ्यासारख्याच मराठी शाळेत शिकलेले असाल तर तुम्हालाही त्यात तेच दिसेल जे मला दिसलं. चौथीपासून दहावीपर्यंत आपण एकच निसर्गचित्र काढलेलं असतं: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी, एक झोपडी, आणि आकाशात दोन दोन कमानींचे पक्षी. पावसाळी देखावा हवा असेल तर तिरक्या रेघा. मला क्षणभरही शंका आली नाही. कमानी दिसल्या की मी तिसऱ्या रकान्यात "पक्षी" लिहिलं, रेघा दिसल्या की "पाऊस". मार्च महिन्यात, थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते अशा मुलखात, बंद दाराच्या स्वयंपाकघरात बसून बाईंना एका दुपारी चौदा पक्षी आणि तीनदा पाऊस कसा दिसला असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. एका तरुण पक्षीतज्ज्ञाला पडला. त्यानं सूची पाहून मोठ्या अदबीनं ईमेल केली, की इतक्या उत्तरेला इतक्या लवकर पक्षी ही फार महत्त्वाची नोंद आहे, तिचा उल्लेख करू का? मी आनंदानं होकार दिला. आपल्या कामाचा विज्ञानाला उपयोग झाला म्हणून त्या दिवशी मी शिरासुद्धा केला.

बाईंना का विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. नाही विचारलं. आपल्याकडे वर्गात हात वर करून "हे काय आहे?" असं विचारणारं मूल ढ समजलं जायचं. गुरूनं समासात काय काढलंय हे शिष्यानं विचारायचं नसतं, समजून घ्यायचं असतं. मी समजून घेतलं.

हे सगळं असंच कपाटात गेलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण बाई निवृत्त झाल्या, मी सूची सांभाळायला खात्यातच राहिले, आणि दोनेक वर्षांत त्या गावाजवळच्या खाडीत मोठ्या जहाजांसाठी धक्का बांधायचा प्रस्ताव आला. जहाजं यायची तर वसंतातही खाडीतला बर्फ फोडून वाट मोकळी ठेवावी लागणार. त्याच बर्फावरून गावातली कुटुंबं पलीकडच्या शिकारीच्या तळावर जातात. वर्षभराचं मांस आणि तेल तिथून येतं. परवानगी देणाऱ्या सरकारी कार्यालयानं विचारलं, की या खाडीचा असा वापर खरोखर होतो याचा जुना पुरावा आहे का? गावानं सांगितलं, आहे, एका विद्यापीठात आहे, एका बाईंनी वर्षानुवर्षं आम्हाला हेच विचारलंय. मग आमच्या खात्यानं एक समिती नेमली. समितीनं फिती ऐकल्या नाहीत, वह्या उघडल्या नाहीत. माझा तक्ता उघडला. त्यात खाडीबद्दलच्या प्रश्नांसमोर ओळीनं "उत्तर नाही" होतं. समितीच्या मसुद्यात अत्यंत सभ्य भाषेत एक वाक्य आलं: स्थानिक रहिवाशांकडून या वापराला निश्चित दुजोरा मिळत नाही. बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी मसुदा वाचला नाही. मी वाचला, आणि मला त्यात काहीच खटकलं नाही. माझ्या टायपिंगच्या चुका नाहीत ना, एवढं बघितलं.

मसुदा पाठवायला सहा दिवस उरले असताना माझ्याकडे एक किरकोळ काम आलं. फितीतला तो म्हातारा शिकारी अजून हयात होता, आणि त्याचं बोलणं पुराव्यात जोडायला त्याची संमती हवी होती. त्याची मुलगी म्हणजेच ही पंचायतीतली बाई. तिनं व्हिडिओ कॉल जुळवून दिला. पडद्यावर एक सुरकुतलेला, शांत चेहरा आला, मागे भिंतीवर कॅलेंडर. मी शिकल्याप्रमाणे स्वच्छ, सावकाश इंग्रजीत विचारलं, "तुमचं बोलणं वापरायला तुमची परवानगी आहे का?"

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. तो बघत राहिला. त्याला कमी ऐकू येत असेल म्हणून मी तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडले. बाजूनं त्याच्या मुलीचा चेहरा पडद्यात आला.

"अहो, त्यांनी तीनदा हो म्हटलंय," ती म्हणाली.

"कधी?"

"आत्ता. तुमच्या डोळ्यांदेखत."

मी म्हटलं, मला तर काही ऐकू आलं नाही. ती हसायला लागली. "ऐकू कसं येईल? बघा." आणि तिनं भुवया उंचावल्या, जराशा, पापणी लवावी इतक्याच. "हे हो." मग नाक आक्रसलं. "हे नाही. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तुमच्या प्रोफेसरला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं आम्ही." मी ऐकत होते आणि ऐकताना आपोआप माझी मान डोलत होती, ती तिच्या लक्षात आली. "आणि तुम्ही मघापासून डोकं हलवताय ते काय? हो की नाही?"

"ते... मी ऐकतेय असं," मी म्हटलं.

तिनं वडिलांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहून अगदी हुबेहूब मान डोलावली, आणि ती दोघं इतकी हसली की कॅमेरा हलला.

मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे समासातल्या कमानी येत होत्या, ओळीनं, वहीमागून वही. ते पक्षी नव्हते. पाऊसही नव्हता. आपल्याकडे नाक मुरडण्यात अख्खं सासर मावतं. तिथे त्याचा अर्थ साधा, सरळ "नाही" असा होता, आणि बाईंनी तो इमानानं तीन रेघांत टिपून ठेवला होता. माणसांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. मी त्यांच्या तोंडी "उत्तर नाही" घातलं होतं, आणि आता त्याच शब्दांवर त्यांची खाडी जाणार होती. कॉल संपल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो जन्मभर डेटा हाताळत आलेला माणूस. त्यानं तक्ता बघितला, तिसरा रकाना वाचला. मग म्हणाला, "बॅकअप आहे ना?" मी म्हटलं, चुकांचाच आहे.

त्याच दुपारी बाईंच्या घरी गेले. त्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: भुवया, पक्षी, पाऊस, पक्षीतज्ज्ञ, मसुदा. सांगून झाल्यावर राजीनाम्याचंही बोलले. आपल्याला अशा वेळी राजीनामा फार पटकन सुचतो. बाईंनी सोलाणं खाली ठेवलं. "पक्षी?" त्या म्हणाल्या. मी त्यांच्या वहीच्या कव्हरवर पेन्सिलनं आमचं निसर्गचित्र काढून दाखवलं, डोंगर, सूर्य, झोपडी, पक्षी. त्या चित्राकडे बघत त्यांना हसू फुटलं ते थांबेना. डोळ्याला पट्टी होती, त्यामुळे एकाच डोळ्यातून पाणी. मग एकदम थांबल्या.

"किती दिवस आहेत?"

"सहा."

"मग कोट काढ आणि बस. राजीनामा सातव्या दिवशी दे."

ते दिवस मी विसरणार नाही. बाईंच्या जेवणाच्या टेबलावर एका बाजूला खात्यातून आणलेल्या फिती, दुसऱ्या बाजूला वह्या. मी फितीतला प्रश्न मोठ्यानं सांगायचे, शांतता आली की थांबायचे. बाई भिंग लावून वहीत त्या तारखेची ओळ शोधायच्या आणि समास वाचायच्या. "कमानी." मी "उत्तर नाही" खोडून "हो" लिहायचे. "रेघा." "नाही" लिहायचे. एकेक ओळ सुधारत गेली तशी माझ्या छातीवरची शिळा एकेक इंच सरकत गेली. लोक खाडीच्या बर्फावरून जातात का? कमानी. दरवर्षी? कमानी. लहान मुलांनाही नेतात? कमानी. इतक्या वर्षांत इतकी माणसं, काही आता या जगात नसलेली, एकामागून एक भुवया उंचावत होती, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत होते. काही ठिकाणी शांतता होती आणि समास कोरा. मी म्हटलं, प्रोफेसर, इथेही हो असणारच, आधीचे दोन्ही हो आहेत. त्यांनी भिंगातून माझ्याकडे पाहिलं. "असणारच, हे तू आधीही लिहिलं होतंस," त्या म्हणाल्या. मी ती ओळ तशीच सोडली.

पाचव्या दिवशी ती फीत आली. तोच शिकारी, तेच स्वयंपाकघर. बाईंचा तरुण आवाज विचारतो, "ही खाडी सोडून तळावर जायला दुसरी वाट आहे का?" शांतता. चमच्याची किणकिण. पुढचा प्रश्न. आणि वहीत त्या ओळीसमोर काही नाही. कमानी नाहीत, रेघा नाहीत.

इतर सगळी उत्तरं जमेस धरूनही हे एक उत्तर नसतं तर बाकीच्यांचा काही उपयोग नव्हता. दुसरी वाट असेल, तर कार्यालय म्हणणार, मग तिकडून जा, धक्का होऊ दे. बाईंनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, त्यांनाच विचारू या. बाई म्हणाल्या, "आणि त्यांनी भुवया उंचावल्या तर?" मी कीबोर्डवरून हात काढला. "तर तसं लिहायचं," त्यांनीच उत्तर दिलं, आणि फोन लाव म्हणाल्या.

पडद्यावर म्हातारा आला, मुलगी शेजारी. बाईंना पाहून त्यानं हात वर केला. कितीतरी वर्षांनी भेटत होती दोघं. ख्यालीखुशाली झाली, पट्टी बांधलेल्या डोळ्यावरून त्यानं काहीतरी टोमणा मारला, मुलीनं तो सांगायचं टाळलं. मग बाईंनी प्रश्न विचारला, शब्द न् शब्द फितीतलाच. मी श्वास धरून त्या चेहऱ्याकडे बघत होते. भुवया हलल्या नाहीत. नाकही हललं नाही. तो बोलायलाच लागला, आपल्या भाषेत, सावकाश, बराच वेळ. मुलगी ऐकत होती आणि ओठ दाबून हसू आवरत होती.

"ते म्हणतात," ती म्हणाली, "याचं उत्तर मी हिला तेव्हाच दिलं होतं. ही तेव्हा चहाच्या कपात बघत होती."

म्हातारा पुढे झुकला. पडद्यावर आता फक्त त्याचा चेहरा होता. त्यानं नाक आक्रसलं. लहान मुलाला समजावून सांगावं तसं, अगदी हळू, सगळ्या सुरकुत्या मध्यावर गोळा करत. आणि आमची खात्री पटेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

"लिहा," मुलगी म्हणाली. "नाही. दुसरी वाट नाही. आणि या वेळी तुम्ही दोघी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतात, तेही लिहा."

सुधारलेला तक्ता, नवा जबाब आणि माझा चुकांचा कबुलीजबाब, सगळं सहाव्या दिवशी दुपारी गेलं. पक्षीतज्ज्ञालाही लिहिलं, त्यानं अत्यंत थंड शब्दांत आभार मानले. पुढे सहा-सात महिन्यांनी कार्यालयाचा निर्णय आला, की धक्का दुसरीकडे, बर्फाच्या वाटेपासून लांब बांधावा. आमच्या कागदांमुळे तो तसा आला की आणखी कशामुळे, हे त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं, आणि सरकारी कागद स्वतःहून असं काही सांगतही नाहीत. समितीच्या अध्यक्षांनी मात्र एका कार्यक्रमात आपल्या काटेकोर संशोधनपद्धतीवर भाषण केलं. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मला खरंच इतकं हलकं वाटत होतं, की त्या दिवशी मी कुणासाठीही टाळ्या वाजवल्या असत्या.

सातव्या दिवशी मी राजीनामा घेऊन गेले तेव्हा बाईंनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, एक ओळ राहिली आहे. ती जुनी फीत. नवा जबाब आजच्या तारखेनं जोडलाय, पण त्या दिवशीच्या ओळीत अजून तुझं "उत्तर नाही" तसंच आहे. मी विचारलं, मग तिथे आता "नाही" लिहू का? त्यांनी मान हलवली, सरळ आडवी, अमेरिकन. मग स्वतः कीबोर्ड ओढून घेतला आणि एका डोळ्यानं अक्षरं शोधत टाइप केलं: "उत्तर दिलं होतं. मी पाहिलं नाही."

ही ओळ मी त्यानंतर पुष्कळदा उघडून वाचली आहे. ती वाचताना आठवते ती मला अमेरिकेत येऊन तीनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. दर रविवारी मी घरी फोन करायचे. बाबा अबोल. "बरं आहे ना, बाबा?" विचारलं की पलीकडे नुसती खरखर, आणि मी हॅलो हॅलो करत राहायचे, मग आई फोन हिसकावून घ्यायची आणि ओरडायची, "अगं, मान हलवतायत ते! तुला तिकडून कसं दिसणार?" आम्ही त्यावर खूप हसायचो. एका रविवारी आई घरात नव्हती. त्याच दिवशी मी धीर करून विचारलं, "बाबा, आम्ही इथेच राहायचं म्हणतोय. कायमचं. तुम्हाला चालेल ना?" पलीकडे बराच वेळ काही आलं नाही. मग ते म्हणाले, "जेवलीस का?" पुढच्या वर्षी ते गेले. तो प्रश्न आणि ती खरखर मी इतकी वर्षं मनात एकाच रकान्यात ठेवली होती, आणि तिथे काय लिहिलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. आता तिथली ओळ मी बदलली आहे. फोन कानाला लावून, खिडकीपाशी उभे राहून, त्यांनी मान हलवली असणारच. ती कुठल्या बाजूला हलली, हे कळायची सोय आता उरलेली नाही. पण हलली होती, एवढ्यावर माझं भागतं.